कांगारूच्या साच्यातला वॉम्बॅट: एका बालवर्गाचं प्रकरण

ऑस्ट्रेलियात वाढणाऱ्या मुलांना कांगारू शिकवावा लागत नाही. तो विमानाच्या शेपटीवर असतो, एक डॉलरच्या नाण्यावर असतो, खाऊच्या पुड्यांवरच्या हिरव्या-पिवळ्या त्रिकोणातही असतो. त्यामुळे होतं असं, की पोटाला पिशवी असलेला प्राणी म्हटलं की मुलांपुढे कांगारूच उभा राहतो: दोन पायांवर, शेपटी टेकवून, पिशवीतून पिल्लाचं डोकं बाहेर काढून. मेलबर्नच्या पश्चिमेला एका उपनगरात दर रविवारी सकाळी भरणाऱ्या मराठी शाळेत बालवर्गाला वॉम्बॅट, म्हणजे बिळात राहणारा दुसरा एक पिशवीवाला प्राणी, शिकवायला घेतला, तेव्हा हा साचा किती घट्ट बसलेला आहे ते कळलं. मी त्या वर्गाची ताई. काय केलं, त्यातलं काय पोचलं आणि काय अजून जिथल्या तिथे आहे, ते इथे मांडते.

वर्ग, आणि वॉम्बॅटच का

मुलं चार ते सहा वर्षांची. घरी मराठी कानावर पडते, बाकी दिवसभर इंग्रजी. मराठीत विचारलं तर सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं, आणि 'मराठीत सांग बरं' म्हटलं की तोंडाला कुलूप. आमच्या कपाटातल्या तक्त्यांवर गाय, मोर, वाघ, हत्ती. मुलांना ते आवडतात, पण ते भारतवारीत नाहीतर प्राणिसंग्रहालयात भेटणारे. त्यांच्या कुंपणावरून रात्री धावतो तो पॉसम, वसंतात डोक्यावर झेपावतो तो मॅगपाय, आणि विल्सन्स प्रॉमंटरी या राष्ट्रीय उद्यानात टायडल रिव्हरच्या तळावर तंबू ठोकला की संध्याकाळी तंबूंमधून चरत जातो तो वॉम्बॅट. वर्गातल्या दोन-तीन घरांनी तो तिथे पाहिलेला होता. मुलांकडे सांगण्यासारखं होतं. ते साताऱ्याहून आलेल्या आजीला सांगायचं तर शब्द नव्हते.

बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी उभी केली ती शिंपले, बिया, पानं, खडे अशा हाताशी मिळणाऱ्या वस्तूंवर. बालवाडीचं प्रशिक्षण घेतलेल्या कुणाच्याही डोक्यात हे पक्कं असतं. परिसर बदलला की वस्तू बदलणार, इतकंच. म्हणून वाघाचा तक्ता गुंडाळून ठेवला.

आमच्या व्हिक्टोरिया राज्यात सहज दिसतो तो उघड्या नाकाचा वॉम्बॅट. साधारण मीटरभर लांब, वजन २० ते ३५ किलोच्या आसपास, म्हणजे आमच्या वर्गातल्या सगळ्यांत दणकट मुलापेक्षाही जड. पाय आखूड, कान लहान आणि गोल, शेपूट असून नसल्यासारखी. शिवाय केसाळ नाकाच्या दोन जाती आहेत, दक्षिणेकडची आणि उत्तरेकडची. त्यांचे कान लांब, केस मऊ, आणि नाकावरही बारीक लव. मुलांपुढे मी एकच जात ठेवली. तीन जातींमधले फरक हा मोठ्या वर्गाचा विषय आहे. चार वर्षांच्या मुलाला एक प्राणी नीट कळला तरी पुष्कळ.

पहिली चित्रं

सुरुवातीला काहीच न सांगता वॉम्बॅट काढायला सांगितला. कुणाला किती माहीत आहे ते बघायचं होतं, म्हणून फोटोही दाखवला नव्हता.

एका पाच वर्षांच्या मुलीचं चित्र मी जपून ठेवलंय. तपकिरी खडूने काढलेला प्राणी मागच्या दोन पायांवर उभा. शेपूट कागदाच्या कडेपर्यंत गेलेली आणि जागा संपली म्हणून वर वळवलेली. पोटावर अर्धवर्तुळाची पिशवी, तिच्यातून पिल्लाचं हसरं तोंड. कान सशाचे. 'हा कांगारू आहे ना?' असं शेजारच्या मुलाने विचारलं तर ती रागावली. 'नाही, हा जाडा आहे!' तिच्या लेखी वॉम्बॅट म्हणजे जाडा कांगारू. बहुतेक चित्रं याच वळणाची होती. काहींनी अस्वल काढलं. एकाने मात्र सगळा कागद काळ्या खडूने गिरवला आणि मधे दोन पांढरे ठिपके सोडले. काय आहे विचारल्यावर म्हणाला, 'तो आत आहे.' वर्गातलं सगळ्यांत खरं चित्र ते होतं.

आता यावर सोपा उपाय होता: मोठा फोटो लावायचा, बाण काढायचे, कान, नाक, नखं, पिशवी अशी नावं म्हणून घ्यायची. मुलं पोपटासारखी म्हणतात आणि पालक खूश होतात. पण 'पिशवी' हा शब्द त्या मुलीला आधीपासून येतच होता. तिच्या पिशवीचं तोंड चुकीच्या बाजूला होतं (वॉम्बॅटची पिशवी मागच्या पायांकडे उघडते), आणि ते चुकीचं का आहे हे फोटोत दिसत नाही. चार पायांवर उभ्या वॉम्बॅटची पिशवी फोटोत बहुधा दिसतच नाही.

दुसरी सूचना पालकांकडून आली: गोष्ट सांगा. वॉम्बॅटदादा, त्याची टोपी, त्याची कांगारूताईशी मैत्री. बोलणाऱ्या प्राण्यांवर आपण सगळेच वाढलो आणि माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. पण नखं आणि दात बघायच्या दिवशी ते नकोत. २०१४ मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली. काही पुस्तकांतले प्राणी माणसासारखे बोलणारे-वागणारे, काहींतले साधे. प्राण्यांना माणसासारखं रंगवणारी भाषा ऐकलेल्या मुलांनी त्या प्राण्यांना माणसाच्या भावना आणि विचार जास्त चिकटवले, आणि प्राण्याविषयीची खरी माहिती त्यांच्या पदरात कमी पडली. आमच्या मुलांच्या डोक्यात आधीच कांगारू बसला होता; त्यावर टोपी घातलेला दादा आणखी कशाला?

म्हणून ठरवलं की अवयवांची नावं मागाहून. आधी काम. या प्राण्याला जमिनीखाली राहायचंय. हातात फावडं नाही. काय काय अडेल?

वाळूतला प्रयोग

जवळच्या बागेत वाळूचा हौद आहे. आदल्या रात्री पाऊस झाल्याने वाळू ओली होती, त्यामुळे काम सोपं झालं. घरून दोन सुती बटवे नेले होते, नाडीचे. एका बटव्याला असे बंद शिवले, की पोटाला बांधल्यावर तोंड छातीकडे यावं, आणि दुसऱ्याला असे, की तोंड मागच्या पायांकडे. प्रत्येकात एक वालाचा दाणा टाकला. वॉम्बॅटचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण तेवढंच असतं. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, आणि तशा अवस्थेत ते स्वतःच सरपटत पिशवीत शिरतं. पिशवीत दोन सड असतात, पण पिल्लू एका वेळी एकच. पुढचे सहा ते दहा महिने त्याचा मुक्काम तिथेच.

पहिला बटवा एका सहा वर्षांच्या मुलाच्या पोटाला बांधला आणि त्याला ओणवं होऊन दोन्ही हातांनी वाळू उकरायला सांगितली. ती पोटाखालून मागे फेकायची. बाकीचे गोल करून बसले. मुलगा जोरात होता. वाळू छातीवर, पोटावर, मागे बसलेल्यांच्या मांडीवर. थोड्या वेळाने थांबवलं आणि बटवा सोडून एका मुलीला आत हात घालायला सांगितलं. तिला दाणा लागेना. बटवा ताटात उलटा केला तर ओल्या वाळूचा ढीग पडला, आणि दाणा त्याच्या तळाशी. ती हळूच म्हणाली, 'पिल्लू पुरलं गेलं.' मराठीत म्हणाली. मी काही सांगितलं नव्हतं.

मग दुसरा बटवा, तोंड मागे असलेला. तोच मुलगा, तोच जोर. बटवा उघडला तर चिमूटभर वाळू आणि वर दाणा. एकदम गलका झाला. सगळ्यांना बटवा बांधून उकरायचं होतं आणि सगळ्यांनी उकरलं. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्यानंतर घडली. काळा कागद काढणारा मुलगा बराच वेळ बटव्याकडे बघत होता. म्हणाला, 'पण मग पिल्लू मागून पडेल.'

हा प्रश्न कुठल्याही तक्त्यावरून आला नसता. बटव्याची नाडी ओढून दाखवली. वॉम्बॅटच्या पिशवीच्या तोंडाशी स्नायू असतो, तो आवळला की तोंड मिटतं. शिवाय सुरुवातीचे महिने पिल्लू सडाला घट्ट चिकटलेलं असतं. मुलाने नाडी स्वतः ओढून, बटवा हलवून खात्री करून घेतली. मग एकीने विचारलं की पिल्लाने डोकं बाहेर काढलं तर त्याला काय दिसतं? उत्तर मीच द्यायच्या आत दुसऱ्या कोपऱ्यातून आलं: 'आईचं ढुंगण!' पुढची पाच मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता. उत्तर बऱ्यापैकी बरोबर आहे, हेही सांगून टाकलं. मोठं झालेलं पिल्लू आईच्या मागच्या पायांमधून बाहेर डोकावतं.

उकरताना हाताची नखं दुखली, हे मुलांनी आपणहून सांगितलं. तेव्हा पुढच्या पंजांचा फोटो दाखवला. पाच बोटं, लांब बळकट नखं, रुंद खांदे. वॉम्बॅट पुढच्या पायांनी माती सुटी करतो, मागच्या पायांनी ती आणखी मागे लोटतो आणि बिळातून उलटा बाहेर येत ढीग ढकलतो. काही बिळं ३० मीटरपर्यंत लांब असतात. मधे मूळ आलं तर दातांनी तोडतो. मागच्या पायाची दोन बोटं जुळलेली असतात, ती अंग खाजवायला, केस विंचरायला. जुळलेल्या बोटांत कुणालाच रस नव्हता. सोडून दिलं.

एका वडिलांची शंका

मुलांना न्यायला आलेल्या एका बाबांनी उभ्याउभ्या विचारलं: 'ताई, कोआलाची पिशवीही वर उघडत नाही म्हणतात. तो तर झाडावर राहतो. मग हे खणण्याचं कारण कसं काय?'

शंका रास्त होती. कोआला हा वॉम्बॅटचा आज हयात असलेला सगळ्यांत जवळचा नातेवाईक, आणि त्याच्या पिशवीचं तोंड खालच्या अंगाला असतं. दोघांचे पूर्वज एक. झाडावर चढणाऱ्या प्राण्याला खाली उघडणारी पिशवी सोयीची नाही. ती त्याला वारशाने मिळालेली दिसते. म्हणजे 'खणायचं म्हणून पिशवी मागे केली' हे वाक्य बालवर्गात गोड वाटलं तरी सरळसरळ खरं नाही.

मुलं अशा वाक्यांना फार लवकर भुलतात. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की खडक टोकदार का असतात असं विचारल्यावर मुलांना 'माती-दगड साचत गेले म्हणून' यापेक्षा 'प्राण्यांना पाठ खाजवता यावी म्हणून' हे उत्तर जास्त पटतं. सगळं कशासाठी तरी असतं, अशी त्यांची मांडणीच असते. त्याच केलेमन यांच्या गटाने २०१४ मध्ये हेही दाखवलं, की पाच ते आठ वर्षांच्या मुलांना चित्रांच्या पुस्तकातून नैसर्गिक निवडीचा गाभा कळू शकतो, फक्त गोष्ट पायरीपायरीने सांगायला हवी. आमची काही मुलं त्याहून लहान. त्यांना मी उत्क्रांती शिकवायला बसले नाही. बोलण्यात एक शिस्त मात्र आणली. 'खणता यावं म्हणून पिशवी मागे आहे' असं म्हणायचं नाही. 'पिशवी मागे उघडते, त्यामुळे खणताना माती आत जात नाही' असं म्हणायचं. मुलांना फरक जाणवला असेल असं नाही. पण पुढे दहावीत कुणी शिक्षक हे समजावू लागेल, तेव्हा आपण रोवलेला खुंटा उपटत बसायची पाळी त्याच्यावर येऊ नये.

शेपूट कशी गेली

पिशवीपेक्षा शेपूट चिवट निघाली. पुढच्या रविवारी मोठ्या खोक्यांचा बोगदा केला, एका मुलाच्या आकाराचा. एक जण आत शिरून पाठ दाराकडे करून बसायचा, म्हणजे तोंड बुजलं. बाकीचे डिंगो, म्हणजे इथले रानकुत्रे. त्यांनी कागदाच्या सुरळीने पाठीवर टकटक करायची, बाकी काही नाही. वॉम्बॅटच्या मागच्या भागात कातडी जाड आणि आत कूर्चा भरपूर, त्यामुळे तो बिळाचं तोंड ढुंगणाने बंद करतो तेव्हा मागून आलेल्या डिंगोला दातात धरायला काही मिळत नाही. मुलांना हा खेळ इतका आवडला की खोकी दुपारपर्यंत फाटली.

मधेच मी आतल्या मुलीच्या कमरेला ओढणी खोचली. लांब शेपूट. डिंगोंनी काय केलं ते सांगायला नको. ओढणी ओढली गेली, मुलगी मागे सरकली, हसत हसत बाहेर आली. पुन्हा ओढणीशिवाय खेळलो. 'त्याची शेपूट केवढी असेल?' असं विचारल्यावर वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळी मापं दाखवली, पण सगळी लहान होती. खऱ्या वॉम्बॅटची शेपूट केसांत दडून जाते, पाहायला गेलं तर दिसत नाही.

तो आत बसून मागे रेटतो आणि हल्लेखोराचं डोकं बिळाच्या छताशी चिरडतो, असं इंटरनेटवर सगळीकडे वाचायला मिळतं. एका उत्साही काकांनी ते मुलांना सांगितलंच. मी त्यावर काही बोलले नाही. चार वर्षांच्या मुलांसाठी टकटक पुरेशी होती.

आजी, दात आणि चौकोनी लेंड्या

दातांचा धडा खरं तर एका आजींनी घेतला. नातवाला सोडायला आलेल्या, सहा महिन्यांसाठी. फोटोतले पुढचे दात पाहून म्हणाल्या, 'हे तर घुशीचे दात!' आणि मुलांना सांगू लागल्या, की गावाकडे घुशी कणगी कशा पोखरायच्या, त्यांचे दात वाढतच राहतात म्हणून त्यांना सारखं काहीतरी कुरतडावं लागतं. मुलं थक्क. मी एवढीच भर घातली, की उंदीर-घुशीचे पटाशीचे दात वाढत राहतात. वॉम्बॅटच्या दाढासुद्धा वाढतात, सगळेच्या सगळे २४ दात. त्याचं खाणं म्हणजे चिवट गवत आणि मुळं, त्याने दात झिजतात, आणि झिजतील तेवढे पुन्हा वर येतात. आजींना हे पटलं आणि आवडलं. 'मला असते तर कवळी लागली नसती,' म्हणाल्या. माझ्या पाठापेक्षा ते वाक्य मुलांच्या लक्षात राहिलं.

मग तो विषय आला ज्याची मुलं पहिल्या दिवसापासून वाट पाहत होती. वॉम्बॅटच्या लेंड्या चौकोनी असतात. टायडल रिव्हरला गेलेल्या मुलाने त्या ओंडक्यावर पाहिल्या होत्या आणि तो वर्गाचा तज्ज्ञ बनला होता. एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, की मग त्याची शी करायची जागा चौकोनी असणार. प्रौढांपैकीही अनेकांचा पहिला तर्क हाच असतो.

ती जागा गोलच असते. आकार येतो तो आतड्याच्या शेवटच्या भागात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू, तास्मानियातले स्कॉट कार्व्हर आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर गाड्यांखाली मेलेल्या वॉम्बॅटची आतडी तपासली. आतड्याची भिंत सगळीकडून सारखी ताणली जात नाही. काही पट्टे ताठ, काही सैल. त्यातून सरकताना आणि वाळताना लेंडीला कडा येतात. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं इग नोबेल, २०१९ चं भौतिकशास्त्राचं, या कामाला मिळालं, आणि २०२१ मध्ये सविस्तर शोधनिबंध आला. बालवर्गाला यातलं काय द्यायचं? मी लोकरीचा गुंडा घेतला आणि सभागृहाच्या एका टोकापासून उलगडत गेले. वॉम्बॅटचं आतडं सुमारे १० मीटर लांब असतं आणि त्यातून गवताचा प्रवास होतो तो दोन आठवड्यांच्या आसपास. मुलं लोकरीवरून एकामागे एक चालत गेली. शेवटी पोचलेल्याने मळलेल्या कणकेचा ठोकळा ठेवायचा. आज खाल्लेलं गवत पुढच्या-पुढच्या रविवारी बाहेर येणार, हे ऐकून एक मुलगा म्हणाला, 'मला तर लगेच येते.' त्याला तिथून लगेच न्यावंही लागलं.

नंतर बागेतल्या ओंडक्यावर कणकेचे गोळे आणि ठोकळे ठेवून पाहिले. गोळे घरंगळले, ठोकळे राहिले. वॉम्बॅट दगडांवर, ओंडक्यांवर लेंड्या ठेवतो आणि दुसरे वॉम्बॅट त्या हुंगून इथे कोण राहतं ते ओळखतात. चौकोनी असल्याने त्या घसरत नाहीत, असं मानलं जातं. 'मानलं जातं' हे मी मुलांपुढेही म्हणाले.

झोपलेला वॉम्बॅट, आणि रस्त्यावरचा

हिल्सव्हिल सँक्चुअरीची सहल पालकांनी मिळून काढली. वॉम्बॅट दिवसा झोपतो, आणि तो झोपलेलाच होता. मोठी मंडळी लगेच कोआलाकडे निघाली. मुलं हलेनात. उघडं काळं नाक, गोल कान, पोटाशी दुमडलेला पंजा. एकीने काचेला गाल लावून विचारलं, 'शेपूट कुठाय?' आणि कुणी उत्तर देण्याआधी स्वतःच म्हणाली, 'हां, नसते ती.'

परतताना गाडीत एका मुलाने सांगितलं, की त्याने हायवेच्या कडेला असाच झोपलेला वॉम्बॅट पाहिला होता. त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं. व्हिक्टोरियाच्या रस्त्यांवर हे दृश्य नवीन नाही. 'तो झोपला नव्हता,' असं आईनेच सांगितलं, आणि मला ते योग्य वाटलं. पुढच्या रविवारी तो विषय निघाला, तेव्हा मुलांना इतकंच सांगितलं की आई मेली तरी पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं, आणि म्हणून असा प्राणी दिसला की बाबांना प्राणी वाचवणाऱ्यांना फोन करायला सांगायचा. स्वतः जवळ जायचं नाही. पिशवीचं तोंड मागे असतं, हे त्यांना ठाऊकच होतं.

पालकांच्या गटावर मात्र थोडं अधिक लिहिलं. उत्तरेकडचा केसाळ नाकाचा वॉम्बॅट १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला क्वीन्सलंडमधल्या एपिंग फॉरेस्टमध्ये जेमतेम ३५च्या आसपास उरला होता. २००२ मध्ये डिंगो येऊ नयेत म्हणून तिथे कुंपण झालं, २००९ मध्ये सेंट जॉर्जजवळ दुसरी वसाहत उभी केली, आणि आता त्यांची संख्या ३००च्या वर आहे. नाशिकच्या एका मैत्रिणीने ते वाचून विचारलं की तिच्या बालवर्गातही वॉम्बॅट घ्यावा का. मी नको म्हटलं. कोकणातलं खवल्या मांजर उकरतं, त्याची नखं बघण्यासारखी आहेत, पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं. ते आधी घ्यावं.

दुसरी चित्रं

सत्र संपताना पुन्हा चित्र काढायला दिलं. जवळजवळ सगळे वॉम्बॅट आता चार पायांवर आले होते. शेपट्या गेल्या होत्या. एका-दोघांनी ठिपक्याएवढी ठेवली होती. पिशवी दाखवायची तर प्राणी समोरून किंवा बाजूने काढून चालणार नाही, हे त्यांच्या त्यांनीच लक्षात घेतलं, आणि बहुतेकांनी वॉम्बॅट मागून काढला. भिंतीवर ओळीने लावलेली गोल ढुंगणं पाहून सभागृहाच्या व्यवस्थापकांनी हे काय आहे ते विचारलं. जाड्या कांगारूवाल्या मुलीच्या चित्रात ढुंगणाखालच्या पिशवीतून पिल्लू अजून हसतंच होतं आणि कान अजून सशाचेच होते. कानांवर मी कुठलाच खेळ घेतला नव्हता. नुसतं तोंडाने सांगितलं होतं, आणि ते राहिलं नाही.

बोलण्यात फरक पडला तो जास्त करून क्रियापदांमध्ये. उकरतो, ढकलतो, कुरतडतो, बुजवतो, हुंगतो. नामं अजूनही इंग्रजीतून येतात. मला त्याची घाई नाही.

पुढच्या सत्रात एकिडना, म्हणजे अंगावर काटे असलेला इथला एक प्राणी, घ्यायचा असं ठरलंय. विषय जाहीर केल्याबरोबर जाड्या कांगारूवाल्या मुलीने हात वर केला: तोही खणतो, म्हणजे त्याची पिशवी मागेच उघडणार. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकिडना अंडं घालतो, आणि त्याच्या मादीची पिशवी विणीच्या काळापुरतीच तयार होते, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.